न चाखता वाढायचं नाही

ज्याच्या जिभेवर विश्वास ठेवून चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यातले लोक मुलींची लग्नं काढतात, असा आचारी एकच आणि तो माझा थोरला चुलतभाऊ आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगते. न चाखता पाहुण्याच्या पानात काही वाढायचं नाही, हा दादाचा धर्म. भाजी चाखली, समजू शकते. पण हा बाबा मीठ चाखतो, विहिरीचं पाणी चाखतो. एकदा वरपक्षानं आणलेला विडा चाखून "चुना जास्त हाये" म्हणून परत पाठवला, तेव्हा व्याह्यांची अशी जुंपली की लग्नाचा मुहूर्त टळायची वेळ आली. आणि भट्टीची पूजा झाली की तिथे चप्पल घालून नवरदेवाच्या बापानंही यायचं नाही. दादा स्वतः तर अनवाणीच.

मग लग्नांत कोल्ड कॉफी आली, तिच्यावर फेसाळ क्रीम आलं आणि ते फुगवायला नायट्रस ऑक्साइडच्या इवल्या कुप्या आल्या. तोच तो हसवणारा वायू. आता क्रीममध्ये जे जातं ते पाहुण्याच्या पोटात जातं, म्हणजे चाखायलाच हवं! दादा प्रत्येक खोक्यातली एक कुपी ओढू लागला. मी ओरडले, तर म्हणतो, "काऊन घाबरून राह्यली बाई? दातवाला दाढ काढताना हेच देते ना?"

"तो सोबत ऑक्सिजन देतो. तू काय देतोस, फोडणी?"

ऐकेल तर शपथ. पुढे लग्न नसतानाही चाखणं सुरू झालं. तो खिदळायचा, त्याला पाहून आम्हीही हसायचो. पायाला मुंग्या येतात म्हणायचा, तर आम्ही म्हणायचो, दिवसभर उभा असतोस, येणारच.

गोंडपिपरीच्या एका लग्नात तो मला जिलेबीचा पाक समजावत होता. मला कसलातरी वास आला.

"दादा, काहीतरी करपतंय."

"माह्या भट्टीवर? शक्यच नाई!"

मी खाली पाहिलं. भट्टीतून घरंगळलेल्या निखाऱ्यावर दादाचा पाय होता. अख्खा पाय! मी किंचाळले, आणि हा माणूस माझ्याच तोंडाकडे बघत विचारतो, "काय झालं?" त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. 

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा वायू सारखा ओढला की अंगातलं बी-बारा निकामी होतं आणि नसा मरू लागतात. इंजेक्शनं देऊ, पण पाय पूर्ण बरे होतील असं नाही. हा वायू हवेत सुटला की पृथ्वी तापवतो ते वेगळंच. शेतात युरिया जास्त झाला तरी तोच निघतो. दादा पलंगावरून म्हणाला, "म्हणजे माह्या बांधीतला धानही हसून राह्यला काय?" डॉक्टर हसले. मला रडू फुटलं.

कुप्या सुटल्या, भट्टीही सुटली. जखम भरली, काठी टेकत चालतो. परवा गावच्या तळ्यावर तो पाण्यात पाय सोडून बसला होता. मी शेजारी बसले.

"बाई, तुहा पाय टाक बरं पाण्यात."

टाकला.

"कसं हाये?"

"गार आहे रे."

तो पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, "लय गार?"