हिलाल सर पुण्याला का जात नव्हते

नरडाण्याचा हा उंचाडा गडी धुळ्याच्या कॉलेजात आला तेव्हा बास्केटबॉल कशाशी खातात, हे त्याला ठाऊक नव्हतं. आमच्या खेळाच्या सरांनी नुसती उंची बघून त्याला मैदानात ओढलं. दोन वर्षांत हिलाल असा खेळू लागला, की आम्ही बाकीचे चौघे त्याच्याकडे चेंडू पोहोचवण्यापुरते उरलो. त्या चौघांतला मी एक, भूपेंद्र. मला त्याचा हेवा वाटत नव्हता असं म्हणालो तर ते खोटं होईल.

आमचं मैदान मातीचं. धूळ उडू नये म्हणून सकाळी जो पहिला येईल त्यानं बादलीनं पाणी मारायचं, मग फक्कीनं पांढऱ्या रेषा ओढायच्या. पहिला कायम हिलालच यायचा. ओल्या मातीचा तो वास आणि खेळ संपल्यावरचा टपरीवरचा चहा! पुढे आयुष्यात बरंच काही मिळालं, पण तशा सकाळी काही पुन्हा मिळाल्या नाहीत.

१९९० साली राज्य संघाच्या निवड चाचणीला सर आम्हा दोघांना पुण्याला घेऊन गेले. रात्री पोहोचलो, झोपलो. सकाळी क्रीडा सभागृहात जाऊन बघतो तर हिलाल आधीच हजर. जन्मात पहिल्यांदा लाकडी मैदान बघणाऱ्या या बहाद्दरानं बादली मागून घेतली होती आणि कोपरान्‌कोपरा पाणी मारून भिजवला होता.

"बठ्ठी धूळ बशी जाई, भाऊ," तो मला समाधानानं म्हणाला.

आज हसू येतं, तेव्हा आलं नाही. लाकूड वाळेपर्यंत चाचणी दुपारवर गेली. आयोजक संतापले होते. कोणी केलं विचारल्यावर हिलालनं सरळ हात वर केला. "या गावठ्याचं नाव खोडा," असं सगळ्यांदेखत म्हटलं गेलं. आमचे सर स्वतःच्या बुटांकडे बघत बसले. मीही गप्प राहिलो. माझं नाव यादीत होतं आणि ते तिथंच राहावं असं मला वाटत होतं. माझी निवड झाली नाही. बरंच झालं.

हिलाल त्यानंतर कधी मोठ्या स्पर्धेत खेळला नाही. नशिराबादला शाळेत पीटी शिकवली, मग जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्रशिक्षक म्हणून लागला. मुलींचा संघ त्यानं उभा केला तो अक्षरशः घरोघरी जेवून. पहिल्या भेटीत तो खेळाचा विषयच काढायचा नाही. भरीत-भाकरी खायची, कपाशीचं विचारायचं आणि उठायचं. तिसऱ्या खेपेला मुलीची आईच म्हणायची, सर, हिला खेळायला कधी पाठवू? पण संघ पुण्याला निघाला की हिलाल सरांच्या नात्यात हमखास कुणाचं तरी लग्न निघायचं. मुलींबरोबर दुसरंच कुणी जायचं. कारण फक्त मला माहीत होतं.

मग भूमिका आली. रावेरकडच्या केळी बागायतदार बन्सीलाल महाजनांची मुलगी. हिलालच्या हाताखाली इतकी चांगली खेळाडू कधी घडली नव्हती. राज्य निवड चाचणीचं पत्र आलं तेव्हा तिच्या आईनं, कुंदाबाईंनी, एकच अट घातली. "सर, तुम्ही संग असान तं पोरगी जाईन. नाही तं ऱ्हाऊ द्या."

 तिसऱ्या दिवशी हिलालचा मला फोन आला, "गाडी काढशील का?"

चौतीस वर्षांनी आम्ही त्याच सभागृहासमोर उभे होतो. हिलाल पायरीवरच बसला. आत जाईना. मी चिडून चार शब्द सुनावले, तरी हलला नाही. उघड्या दारातून नोंदणीचं टेबल आणि त्यापुढे उभी राहिलेली भूमिका दिसत होती. तिथल्या अधिकाऱ्यानं यादी वरखाली केली आणि म्हणाला, "नाव नाही तुमचं. बाजूला व्हा." भूमिकानं काही न बोलता बॅग उचलली आणि मान खाली घालून ती दाराकडे निघाली.

हिलाल उठून थेट आत गेला.

"आठेच थांब. कोठेच जावानं नही," तो तिला दाराशीच थांबवत म्हणाला आणि टेबलाकडे वळला. "फॉर्म मी भरलाय, पावती ही बघा. चूक असेल तर माझी आहे. काय बोलायचं ते मला बोला, तिला खेळू द्या." तो टेबलासमोरून तसूभर हलला नाही. अर्धा तास वाद चालला. अखेर यादीच्या तळाशी पेनानं तिचं नाव लिहिलं गेलं.

भूमिकाची निवड झाली. परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर झोपली होती. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, हिलाल."



"तू तं पोऱ्या व्हता," तो म्हणाला. "बोलानं काम आपला सरनं व्हतं, तुन्हं नही. म्हनीसन तं मी सर व्हयनू."