वाघ सिस्टर आणि अहमदीची शोभा

वाघ सिस्टर तोंडी हुकूम ऐकतच नसत. डॉक्टरांनी काही सांगितलं की केसपेपर त्यांच्यापुढे सरकवायच्या. "लिख के दो, डॉक्टरसाब. मेरा कान कच्चा है." कान कसले कच्चे! जाब्रियातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात मी लॅबमध्ये शीळ घातली तरी त्या ओपीडीतून ओरडायच्या. मूळच्या सिन्नरच्या, कुवेतमध्ये बारा वर्षं काढलेल्या. आम्ही सगळे त्यांना टरकून असायचो.

एकोणीसशे नव्वदच्या जूनमध्ये कुवेतमधल्याच, तासाभराच्या अंतरावरच्या अहमदीहून शोभा नावाची बाई तांबी बसवून घ्यायला आली. दोन मुलांची आई. तांबीआधी गर्भाची चाचणी करायची, तीही सकाळच्या पहिल्या लघवीवर, कारण दुपारच्या पातळ लघवीत कोवळा गर्भ कधी कधी कळत नाही, हा सिस्टरांचा दंडक. शोभा पोचली दुपारी एकला. तिला पुन्हा हेलपाटा नको म्हणून मी दुपारचीच लघवी तपासली आणि रिपोर्टवर 'सकाळची' असं लिहून मोकळा झालो. गर्भ नाही, असं आलं. तांबी बसली.

जुलैत ती तापाने फणफणत आली. गर्भ होता, आणि तांबीही आत होती. तशीच ठेवली तर बाईच्या जिवावर बेतणार. काढली तर गर्भ पडायची शक्यता. डॉक्टर हैदराबादचे, हुशार माणूस, पण हात आखडून उभे राहिले.

"यहाँ के कानून में पेट का बच्चा भी जान है, सिस्टर. गिर गया तो मैं अंदर. पहले हज़्बंड का साइन."

नवरा कंपनीच्या कामाने मुंबईला गेलेला. गर्भ राहू नये म्हणून बसवलेली वस्तू काढणं हाच आता गुन्हा ठरणार होता. ताप एकशे तीन. मी रक्ताचा रिपोर्ट घेऊन दारात उभा.

सिस्टरांनी केसपेपर पुढे ठेवला. "लिखो. बुखार इतना, तांबी का धागा दिखता है, फिर भी नहीं निकाला."

"और केस हुआ तो?"

"तो बोलना, सिस्टर ने निकालने को बोला." आणि त्यांनी स्वतःच तसं लिहून खाली सही ठोकली.

डॉक्टर उठले. तांबी निघाली. दोन दिवसांनी गर्भ पडला, शोभा वाचली. मग पोलीस ठाण्यातून सिस्टरांना चौकशीचं बोलावणं आलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला आणि स्वतःची त्याहून जास्त लाज, तरी रिपोर्टातलं खोटं मी कुणाला सांगितलं नाही. चौकशीच्या आधीच इराकी रणगाडे शहरात शिरले आणि सगळंच राहून गेलं.

सप्टेंबरात कुवेतमधून निसटून अम्मानच्या विमानतळावर मुंबईच्या विमानासाठी रांगेत उभे असताना मी एकदाचं सांगून टाकलं. "सिस्टर, ती लघवी दुपारची होती."

"ठाऊक आहे. ती तापात आली त्या दिवशीच जुना कागद काढून बघितला. आल्याची वेळ होती त्यावर, दुपारी एक."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर सगळे तुझ्यावर तुटून पडले असते. बाईकडे कोण बघणार होतं?" रांग पुढे सरकली. पिशवी उचलून त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस रे? तिला सांग."

नाशिकला गेल्यावर चार वर्षांत सिस्टर वारल्या. शोभाचा पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. मी तो मिळवला नाही.