पीहू यादीत येते

पाळणाघरात काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. केर निघावा तसे ते रोज निघतात. रायपूरजवळ बीरगांवच्या आमच्या केंद्रात मी पोरं सांभाळते आणि हजेरी लिहिते. हजेरीचं रजिस्टर सरकारचं. घरी आले की दुसरी वही उघडते, ती माझी. कोणी शिकवलं नाही, पण इतक्या वर्षांत एक दिवस कोरा गेला नाही. परवा पानं उलटली तर दिसलं, या वर्षीचे बहुतेक किस्से एकाच पोरीचे. लिहिताना मी हसले होते!

* * *

पोरीचं नाव पीहू, वय अडीच. घरात आई आणि ती, बस. आई सरिता उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला. आमच्याकडे सरकारी सवलतीत पोर ठेवायचं तर उत्पन्न एका मर्यादेच्या आत लागतं. सरिताचं जरासं वर जायचं, आणि पूर्ण फी तिला झेपत नव्हती.

ती सरळ ठेकेदारासमोर जाऊन उभी राहिली. "भैया, मेरी पगार थोड़ी कम कर दो."

ठेकेदार हसून हसून बेजार! सगळ्या शिफ्टला त्याने हे ऐकवलं. आणि इतकी साधी बाई पाहिली नाही म्हणून पुढच्या महिन्यात तिचा पगार वाढवला.

सरिता डोळे पुसत माझ्याकडे आली. "वाढवला जी त्यानं! आता कसं करू, ताई?"

* * *

मग पीहू दिवसभर राहायची कुठे? खोलीत, बाहेरून कडी लावून. पाय ओढणीने खाटेला बांधलेला. शेजारणीने हे सांगितलं आणि आमची स्वयंपाकीण रेखा भडकलीच. रेखा मूळची नागपूरकडची, तोंडाची तिखट. तिने सरिताला रस्त्यातच गाठलं.

"काहून वं, पोट्टी आहे का बकरी? उद्यापासून इथं आणून सोड. रजिस्टरमधी नाही तर नाही!"

दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये मी लिहिलं, हजर वीस. घरी येऊन वहीत लिहिलं, हजर एकवीस.

* * *

तपासणीच्या मॅडम पांढऱ्या गाडीतून न सांगता यायच्या. म्हणून रेखाने पीहूला एक खेळ शिकवला. रेखा म्हणायची, "गाडी आली!" की पीहूने मागच्या खोलीत पळायचं आणि तांदळाच्या पिंपांमागे बसायचं. चूप! रेखा "गाडी गेली" म्हणेपर्यंत हलायचं नाही.

पीहूला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. या खेळात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढे पुढे रेखाने सांगायचीही गरज उरली नाही. पाण्याचा टँकर आला तरी पोरगी गायब! एकदा तर लग्नाची सजवलेली गाडी पाहून पळाली.

"अशी सीआयडी पूर्ण रायपूरमधी नाही," रेखा म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो.

* * *

एकदा मॅडमनी पोरं मोजली, मग ताटल्या मोजल्या. एक ताटली जास्त. छोटीशी, तिच्यात अर्धी खाल्लेली खिचडी.

"ये किसकी है?"

"मेरी!" रेखा म्हणाली, आणि तिथेच मांडी घालून त्या एवढ्याशा चमच्याने खिचडी खायला लागली.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. जाताना म्हणाल्या, "लिस्ट के बाहर का एक भी बच्चा मिला, तो सेंटर बंद."

त्या दिवशी कोणी हसलं नाही.

* * *

आणि मग नवा रायपूरच्या मंत्रालयातून आदेश आला, मर्यादा वाढली! सरिता आता आरामात आत बसत होती. रेखाने शिरा केला. फक्त उत्पन्नाचा नवा दाखला हवा होता.

सरिता दाखल्याच्या खिडकीवर गेली. बाबू म्हणाला, "लिमिट बढ़ गई है, पर कंप्यूटर में नहीं बढ़ी. अगले हफ्ते आना."

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात बाबू रजेवर. दर खेपेला एक खाडा, खाड्याची मजुरी कापलेली. दाखला हातात पडला तेव्हा मी कागद नीट वाचला. इतके खाडे झाले होते की सरिता आता जुन्याच मर्यादेत बसत होती!

ठेकेदाराने तिला शेवटचं सांगितलं होतं, आणखी एक खाडा, तर येऊ नको.

* * *

पीहूचं नाव यादीत आलं. आता फक्त मॅडमनी कळवलेल्या दिवशी येऊन तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. त्या वेळी पोर हजर नसेल तर नाव कटणार, आणि पुढची यादी पुढच्या वर्षी.

त्या दिवशी सकाळी सरिताने तिला नवा फ्रॉक घालून, दोन वेण्या घालून आणलं. "मॅडमले नमस्ते करजो," म्हणाली आणि धावत शिफ्टला गेली. अकराला पांढरी गाडी दारात लागली. मॅडम खुर्चीवर बसल्या, पेन उघडलं, आणि पहिलंच नाव घेतलं.

पीहू नव्हती.

मी मागच्या खोलीत पळाले. पिंपं आणि भिंत यांच्यातल्या फटीत फ्रॉकची लाल किनार दिसत होती. हात घातला, कोपरापर्यंतच गेला. पिंपं भरलेली, हलेनात. ओरडावं तर मॅडम विचारणार, पोरगी लपली कशाला?

"पीहू, बाहेर ये. मॅडम तुलाच बघायला आल्या."

पीहूने मान हलवली.

बाहेरून दुसऱ्यांदा नाव आलं. रेखा माझ्या मागे येऊन उभी राहिली, हळूच म्हणाली, "पीहू, गाडी गेली."

पीहूने टाचा उंचावून फटीतल्या बुटक्या खिडकीच्या गजांतून अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने माझा पदर धरून मला खाली ओढलं आणि कुजबुजली, "गाड़ी अभी है. दीदी, आप भी छुप जाओ."

बाहेर मॅडमनी तिसऱ्यांदा नाव घेतलं.