रिकाम्या स्टुलावरची बाई

भोंगेवाल्यांची पुतणी दुकान रिकामं करायला आली, तेव्हा तिने शेजारच्या टेलरमास्तरांना सहज विचारलं, "काका कसे होते हो?" मास्तरांची सुई हातातच राहिली. भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं काढली, तर दोन वाक्यं तरी सांगता यायला हवी होती. पण आठवत होतं ते सगळं मापाचं. भोंगेवाल्यांचे शर्ट तेच शिवत. खोकी उचलून उचलून त्यांचा एक खांदा उतरला होता, म्हणून त्या बाजूला कापड कमी धरावं लागे. त्यांचं लग्न झालं होतं का, झालं असलं तर पुढे काय झालं, सोमवारी दुकान बंद ठेवून ते कुठे जात, यातलं काही मास्तरांना ठाऊक नव्हतं. यांनी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. "चांगले होते," एवढंच मास्तर म्हणाले. मग तिने विचारलं, आत मधोमध एक लाकडी स्टूल ठेवलंय, ते कुणाचं?

भोंगेवाले हे नाव लोकांनी पाडलेलं. त्यांचा धंदा जुन्या म्युझिक सिस्टिमचा. कुणी घर बदललं, कुणाचे वडील गेले, कुणाच्या सुनेला ती धुडं हॉलमध्ये नकोशी झाली, की भोंगेवाले जाऊन माल उचलून आणत. अ‍ॅम्प्लिफायर, टेप डेक, रेकॉर्ड प्लेअर, कमरेइतके उंच स्पीकर. मग पुसूनबिसून, दुरुस्त करून विकत. रस्त्याने जाणारा एखादा आत डोकावून विचारी, लग्नाला भोंगे भाड्याने मिळतील का? भोंगेवाले मान वर न करता म्हणत, "लग्नाला नाही. मयताला या, फुकट देतो."

विकायची त्यांची एक रीत होती. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी खुर्चीत बसून ऐकायचं. खुर्चीच्या पुढे दोन बाजूंना दोन स्पीकर, आणि त्या दोघांच्या बरोबर मध्ये हे रिकामं स्टूल. रेकॉर्ड ठरलेली. कुणी एक बाई गायची, कव्हर केव्हाच हरवलेलं, साथीला जवळजवळ काही नाही. जोडी नीट जुळलेली असेल तर तो आवाज डावीकडून येत नाही की उजवीकडून येत नाही. मधून येतो, जिथे काहीच नसतं तिथून. "बाई स्टुलावर बसली पाहिजे," भोंगेवाले म्हणत. "नाही बसली, तर मी विकणार नाही."

त्यांची स्वतःचीही एक जोडी होती, मागच्या भिंतीला. ती विकायची नव्हती. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर खेपेला तिची चौकशी करत आणि दर खेपेला दुसरंच काहीतरी घेऊन जात. एका दुपारी हेच बँकवाले आपली नुकतीच दुरुस्त करून नेलेली जोडी टेम्पोत घालून परत आले. म्हणाले, दोन्ही वाजतात, पण गाणं घरभर सांडल्यासारखं वाटतं. भोंगेवाल्यांनी स्पीकर मांडले, खुर्चीत बसले, डोळे मिटून ऐकलं.

"बसलीय की," ते म्हणाले. "तुमच्या घराच्या भिंती बघा एकदा."

मास्तर गळ्यात टेप घालून दारात उभे होते. बँकवाल्यांनी वाकून एका स्पीकरच्या मागच्या दोन वायरी सोडवल्या, लालच्या जागी काळी लावली, काळीच्या जागी लाल, आणि बाजूला झाले. दुरुस्तीत आतल्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. असली चूक कुणाच्याही हातून होते, पण ऐकताना लगेच पकडली जाते. भोंगेवाले पुन्हा बसले, पुन्हा डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांना काहीच फरक कळला नव्हता, आणि ते तिघांनाही कळलं.

बँकवाले गेल्यावर त्यांनी मास्तरांना सांगितलं, शर्टाचं बटण तुटल्याचं सांगावं तसं. उजवा कान गेला होता. एका सकाळी उठले, तर तो नव्हताच. येईल परत आपोआप म्हणून वाट पाहिली, आणि डॉक्टर म्हणाले की उशीर केलात. गाणं अजून ऐकू यायचं, शब्दन्‌शब्द. फक्त शेजारच्या घरात लागल्यासारखं, एका अंगाने. स्टुलावर आता कुणी येत नव्हतं.

"तुम्ही बसाल का खुर्चीत?"

"मला सुरातलं काही कळत नाही हो."

"सूर माझा मी बघतो. बाई कुठे बसलीय तेवढं सांगा."

मास्तर बसायला लागले. पहिले काही दिवस त्यांना नुसतं गाणं ऐकू आलं. मग एका दुपारी अचानक ती समोर स्टुलावर होती, श्वास घेताना ऐकू येईल इतकी जवळ. मास्तरांनी चटकन नजर खाली वळवली, परक्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं झालं त्यांना. "आली," ते म्हणाले. भोंगेवाल्यांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि रेकॉर्ड बंद केली.

थोडे दिवस असं निभावलं. पण गिऱ्हाइकं काय आंधळी नव्हती. कुणीतरी बोललंच, भोंगेवाल्यांनी कान भाड्याने ठेवलाय, तोही शिंप्याचा. भोंगेवाले हसले. "माप बरोबर घेतात," म्हणाले. गिऱ्हाईक मात्र काही न घेता गेलं, आणि त्या दिवसानंतर त्यांनी नवा माल आणला नाही. आपण ऐकल्याशिवाय विकायचं नाही, ही त्यांची रीत होती. दुसऱ्याच्या कानावर ते किती दिवस रेटणार?

शेवटी मागच्या भिंतीची जोडी तेवढी उरली. त्यांनीच बँकवाल्यांना बोलावून घेतलं. टेम्पो यायच्या आधी मास्तरांना एकदा बसवलं आणि विचारलं, कुठे आहे? मास्तर म्हणाले, स्टुलावर. नीट बघा, भोंगेवाले म्हणाले. मास्तरांनी नीट बघितलं. या जोडीवर ती इतकी खरी होती की ते बोलून दाखवायची मास्तरांची हिंमत झाली नाही. "तिथंच आहे," एवढंच म्हणाले. भोंगेवाल्यांनी रेकॉर्ड शेवटपर्यंत वाजू दिली. डावा कान पुढे करून उभे होते, नजर स्टुलावर.

बँकवाले स्पीकर घेऊन गेले. रेकॉर्डही त्यांनाच दिली. त्या रात्री भोंगेवाले झोपेतच गेले, आणि शटर पुन्हा उघडलं ते पुतणीनेच. पण त्याआधी, संध्याकाळी ते ठीक होते. भिंतीवर स्पीकरच्या जागी दोन फिकट चौकोन उरले होते, ते फडक्याने पुसून बघत होते. मास्तर शिवलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन द्यायला निघाले होते, म्हणून दारातच थांबले.

"मास्तर, हे स्टूल न्या. तुमचं डुगडुगतं."

"आत्ता हात भरलेत. उद्या नेतो."

"बरं. उद्या न्या."