रसवंतीची अर्धी गोष्ट

छुम् छुम्, छुम् छुम्, छुम् छुम्.

पंचवटीतल्या एका रसवंतीच्या चाकाला बांधलेल्या घुंगरांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटत होतं. आवाज कानात शिरला आणि त्या चाकाबरोबर माझं डोकंही फिरलं. त्यापायी तरुणपणी मी एक घोळ घातला. त्याची शिक्षा भोगली, विषय संपला. पण त्याच घोळापायी माणूस म्हातारपणी दुसरा घोळ घालू शकतो, आणि तोही पहिल्याहून मोठा, हे तुम्हाला पटेल का? नाही ना? मग चहा घ्या आणि निवांत बसा. निवांतच बसावं लागेल, कारण मी फार सावकाश बोलतो.

किती सावकाश? आमची हिरा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "यांचं 'पाणी दे' म्हणून होईस्तोवर माणसाची तहान मरून जाते." बोलता बोलता मी थांबतो, एवढंच. शब्द सापडत नाही म्हणून नव्हे हो. सापडलेला शब्द जरा बघून घेतो.

आम्ही मखमलाबादचे. फुलं आणि भाजी पिकवतो, शहरात नेऊन विकतो. माझी शाळा चौथीपर्यंत. माझी नात ऋतुजा मात्र यंदा बारावी झाली, आणि तीही असे मार्क घेऊन की गल्लीतल्या बाया आठवडाभर पेढे खायला येत होत्या. पुढं तिला बी.बी.ए. करायचं होतं. मी माझ्या मुलाला, बाळूला, विचारलं, "म्हणजे काय रे?"

"धंदा कसा करायचा ते शिकवतात, आबा."

"त्याला फी पडते?"

"पडते म्हणजे? भरपूर पडते."

धंदा सुरू व्हायच्या आधीच खर्च!

ऋतुजाला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. तिनं स्वतःच्या नावाचं खातं उघडलं होतं आणि हट्ट धरला होता, "पप्पा, फी माझ्या खात्यात टाका. मी भरीन, माझ्या हातानं." बाळूनं पैसे टाकले खरे, पण त्या क्षणापासून त्याच्या जिवाला घोर लागला. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला.

"आबा, तिला चार शब्द सांगा ना. पैसा कसा सांभाळायचा, कशाचा पैसा कशाला लावू नये. माझं नाही ऐकत ती. तुमचं ऐकते."

माझं सगळेच ऐकतात हो. मी बोलतो कुठं!

पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. शिकल्यासवरल्या पोरीला सल्ला द्यायला घरानं मला निवडलं! मग मी विचार करत बसलो. आपल्याकडं पैशाचं असं काय ज्ञान आहे? शोधून शोधून एकच सापडलं. माझं स्वतःचं वाटोळं. म्हटलं, हेच सांगू. ऐकून शहाणी होईल.

तिला ओट्यावर बोलावलं. ती मांडी घालून समोर बसली.

"पोरी, मी तुझ्याएवढा होतो. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीवर बसवायचं इंजिन आणायला पैसे दिले, आणि मला शहरात पाठवलं…"

"हं."

"आणि मी… उसाच्या रसाचं मशीन घेऊन आलो."

"इंजिनाच्या पैशात?" तिचे डोळे असे चमकले! "आबा, तुम्ही?"

आता बघा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? लगेच म्हटलं असतं, "आणि वाटोळं झालं. जा, अभ्यास कर." पण समोर नात डोळे मोठे करून बसलेली. तिच्यासमोर आपला चांगला काळ असा एका वाक्यात गुंडाळायचा? मला नाही जमलं. मी तिला तो चैत्र सांगितला. वणीच्या रस्त्याला मशीन लावलेलं, गडावर देवीला निघालेल्या माणसांची रीघ, माझ्या दोन्ही दंडांना आलेले गोळे, घुंगरांचा आवाज ऐकून लांबून वळणाऱ्या बैलगाड्या. एक म्हातारा तर ग्लासामागून ग्लास पीत बसला आणि उठताना आपली मुलगी मला देऊन गेला. तीच आमची हिरा.

"मग?" ऋतुजा पुढं सरकली.

"आणि मग…" मी म्हणालो, आणि थांबलो.

कारण पुढचं कडू होतं. मी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिनं बघितलं, झटकन उठली, वाकून माझ्या पाया पडली, "आबा, कळलं मला सगळं," म्हणाली आणि आत पळाली.

राहिलेलं तुम्हाला सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही उठाल. पाऊस लागला. भर पावसात उसाचा रस कोण पितो? मशीन गोठ्याच्या मागं पडलं, गंजलं, त्याच्यावर भोपळ्याचा वेल चढला. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीत पाणी होतं, पण वर काढायला इंजिन नव्हतं. सगळी वांगी जळाली. दादा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की मला हाक मारायची ती आईनं. म्हणून एका कामाचा पैसा दुसऱ्याला लावायचा नाही! एवढाच माझा सल्ला. तो बशीत निवत राहिला.

पण मला काय वाटलं असेल? मला वाटलं, पोरगी हुशार. अर्ध्यातच कळलं! बाळूला सांगितलंसुद्धा, "झालं काम."

जून लागला. एक दिवस दारात टेम्पो थांबला आणि ड्रायव्हरच्या शेजारून आमची ऋतुजा उतरली. टेम्पोत मागं, हिरव्या रंगाचं, मोटर लावलेलं, चाकाला घुंगरं बांधलेलं, वर प्लास्टिकच्या फुलांची माळ सोडलेलं… रसाचं मशीन!

"आबा, ओळखलं का?"

मी ओळखलं हो. भुताला कोण विसरतं?

हिरा पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं मशीन बघितलं. मग मला बघितलं.

"काय शिकवलंय तुमी पोरीला?"

संध्याकाळी बाळू मार्केटवरून आला. शेडमधलं मशीन बघून त्याचा चेहरा उतरला. ऋतुजा म्हणाली, "पप्पा, माझ्यावर विश्वास ठेवा ना!" त्यावर तो शब्द बोलला नाही. चपला काढल्या आणि सरळ माझ्याकडं आला.

"आबा, काय सांगितलंत तिला?"

"रसवंतीची गोष्ट."

"सगळी?"

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत बसलो.

"आबा, सगळी सांगितली ना?"

"'आणि मग' पर्यंत."

बाळूनं कपाळाला हात लावला. "फी गेली. एका वर्षाची फी गेली. कॉलेज बुडालं तिचं."

त्या दिवसापासून बाळूनं ऋतुजाशी बोलणं टाकलं. ताटावर बसायचा तो खाली मान घालून. "ऋतूला भाजी वाढ," एवढंही हिराच्या मार्फत. मी ते रोज बघायचो. दादांचा तोच अबोला, त्याच घरात, दुसऱ्या ताटावर येऊन बसलेला! आणि तो आणला कुणी? मी.

आता तुम्ही म्हणाल, सरळ पोरीला विचारायचं की. विचारलं हो! सकाळी ती स्कूटीवर बसली तेव्हा मी म्हणालो, "ऋतू… ते तुझ्या कॉलेजच्या फीचं…" माझं वाक्य फाटकापर्यंत पोचलं तेव्हा तिची स्कूटी नाक्यावर होती.

मग मीच ठरवलं. घोळ आपला, निस्तरायचाही आपणच. फी भरायची मुदत संपायच्या आत मशीन विकायचं, कमी पडेल ते स्वतःचं घालायचं, आणि पैसे पोरीच्या हातावर ठेवायचे. कॉलेजही वाचेल आणि बाळूचं तोंडही उघडेल.

ऋतुजा शहरात गेलेली बघून मी नाक्यावरच्या सोमनाथ भंगारवाल्याला बोलावलं. तो मशीनभोवती फिरला, चाकावर टिचकी मारली.

"आबा, पावसाळ्यात रसाचं मशीन? कोण विचारतो याला? आपण तर बा लोखंडाच्या भावात घेऊ."

"चालू स्थितीतलं आहे रे."

"चालू हाय, पण पितंय कोण? बोला."

मी बोललो, "घे बाबा, पण पोरगी यायच्या आत उचल आणि पैसे रोख दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक अख्खं वाक्य न थांबता बोललो होतो. ते किती महागात पडलं ते पुढं बघा.

सोमनाथनं मशीन वजनकाट्यावर घातलं. घुंगरं सोडून माझ्या हातात दिली. म्हणाला, "पितळ हाय, तुमाला ऱ्हाऊ द्या." मोठ्या मनाचा माणूस! त्याच्या पैशात मी फुलांच्या धंद्यातली माझी पुंजी मिसळली आणि रुमालात गाठ मारली.

संध्याकाळी सगळे घरात असताना मी ऋतुजाला समोर बसवलं. बाळू भिंतीकडं तोंड करून बसला होता, पण त्याचे कान इकडंच होते.

"पोरी, ही घे तुझी फी. मशीन मी विकलं. चूक तुझी नाही, माझी आहे. माझी गोष्ट अर्धी राहिली होती."

आणि मी ती पुरी केली. पाऊस, गंज, भोपळ्याचा वेल, जळालेली वांगी, दादा. मध्येमध्ये थांबलो. पण या वेळी कुणी उठलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेही कुणी अडवलं नाही.

ऋतुजा रुमालाच्या गाठीकडं बघत होती. मग म्हणाली, "आबा, फी तर मी भरली."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी. तुम्ही बशीत फुंकर घालत होतात ना, तेव्हा कॉलेजचा मेसेज आला. आत जाऊन लगेच भरली. हे बघा."

तिनं मोबाइल पुढं केला. बाळूनं भिंतीकडचं तोंड इतक्या जोरात वळवलं की मला वाटलं मान लचकली.

"मग मशीन कशातून घेतलं?" कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी बोलला.

"दोन वर्षं शिकवण्या घेते मी, पप्पा. ते पैसे. नि पास झाल्यावर सगळ्यांनी पाकिटं दिली, ती."

"अगं, पण मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही गप्पच बसलात!"

बाळू ओशाळला. मी मात्र अजून माझ्याच गोष्टीत अडकलो होतो. "पण पोरी, अर्धी गोष्ट ऐकून तू…"

"अर्धी?" हिरा स्वयंपाकघरातून ओरडली. "अहो, पाळण्यात होती तवापासून सांगतेय मी तिला! जेवण भरवताना गोष्टीत भोपळ्याचा वेल आला की मगच घास गिळायची. एवढीशी असताना तोंडपाठ व्हती तिला. लय आवडायची!"

"आबा, तुमच्या तोंडून ऐकायची होती, म्हणून त्या दिवशी नवीन असल्यासारखी ऐकली. आणि सगळी ठाऊक होती म्हणून तर आत्ता घेतलं," ऋतुजा म्हणाली. "तुम्ही ऐन हंगामात घेतलंत, महाग. मी पावसाच्या तोंडावर घेतलं. रसवाला गावाला चालला होता, मशीन ठेवायला जागा नव्हती त्याच्याकडं. निम्म्या किमतीत देऊन गेला. आपल्या शेडमध्ये झाकून ठेवायचं, होळीच्या आधी विकायचं. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं."

"किती देत होता?" बाळूनं विचारलं. तिनं सांगितलं. बाळूनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडं असं बघितलं, की मला ओट्याखाली जाऊन बसावंसं वाटलं.

ऋतुजानं सोमनाथला फोन लावला. त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"मशीन? ते तर दुपारीच गेलं, ताई. देवळाली कॅम्पचा एक जण घेऊन गेला. डबल भावानं! म्हणे, ठेवून देतो, होळीला विकतो."

म्हणजे बघा. आमची पोरगी, सोमनाथ, देवळाली कॅम्पचा तो माणूस, सगळ्या जगाला माझ्या गोष्टीचं तात्पर्य ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं. तरुणपणी मी भर उन्हात महाग घेतलं, आणि म्हातारपणी भर पावसात किलोवर विकलं! दोन्ही हंगामांत खोट खाणारा माणूस सगळ्या नाशकात शोधून सापडायचा नाही.

"पोरी," मी म्हणालो, "मी तुला सल्ला द्यायला निघालो होतो गं."

सगळे हसले. बाळू तर डोळे पुसेपर्यंत हसला, आणि हसता हसता त्यानं ऋतुजाचं डोकं स्वतःच्या खांद्याशी ओढून घेतलं. मशीन गेलं, पण ते बघून मला वाटलं, सौदा अगदीच बुडीत नाही.

आमच्या घरात पैशाचं एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली दादा गेल्यापासून माझ्या बंडीच्या आतल्या खिशात असते. हिरानं मागितली, दिली नाही. बाळूनं दोनदा मागितली, दिली नाही. व्यवहार मोठ्या माणसाच्या हातात असावा, असं मी दोघांनाही सांगितलं होतं.

ऋतुजा उठली. पैशांचा रुमाल तिनं एका हातात घेतला आणि माझ्यासमोर येऊन दुसरा हात पसरला. मागितलं काहीच नाही. नुसता तळहात.

मी बाळूकडं बघितलं. तो छताकडं बघत होता. हिराकडं बघितलं. ती दारात उभी राहून गालातल्या गालात हसत होती.

मी बंडीच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून नातीच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटली आणि आत कपाटाकडं निघून गेली.