बैलाचा खांदा, बाईची मान

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. अशा माणसाने पाय लावला की धरलेली मान, आखडलेला खांदा मोकळा होतो, असं आमच्याकडे मानतात. पायाळू माणसावर वीज पडते, असंही मानतात. त्यामुळे आभाळ गरजायला लागलं की मला कुणी शेजारी उभं करत नसे, आणि मान धरली की मात्र लोक दारात येऊन बसत.

माझं माहेर पिंगळीजवळचं. हैदराबाद खालसा झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी चुडाव्याच्या अलीकडच्या एका गावातून मला मागणी आली. माझ्या वडिलांनी शेती किती, विहीर आहे का, मुलगा कसा, असं सगळं विचारलं. त्यांच्याकडून प्रश्न एकच आला, पोरगी पायाळू हाय हे खरं का? माझ्या होणाऱ्या सासूची मान आणि उजवा खांदा कित्येक वर्षांपासून धरलेला होता. बिब्बा घालून झाला होता, डाग देऊन झाले होते, परभणीच्या दवाखान्यातलं बाटलीतलं लाल औषध पिऊन झालं होतं. कशानेच गुण येईना, तेव्हा पायाळू सून घरातच आणावी असं ठरलं. मी त्या घरात औषध म्हणून गेले. माय मात्र गावभर सांगत सुटली होती, "पोरीचं नशीब तिच्या पायातच हाय." मलाही ते ऐकून बरं वाटायचं. मिरवावं असं माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय!

सुनेने सासूला पाय लावायचा म्हणजे पाप. त्यावर त्यांनी तोड काढली होती. सकाळी सासूबाई माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसायच्या. मी आधी समोर जाऊन त्यांच्या पाया पडायचे, मग मागे येऊन डावा पाय मानेवरून खांद्यापर्यंत ओढायचे, मग परत पुढे जाऊन पाया पडायचे. म्हणजे पाप झालं आणि फिटलंही. हे उरकलं की मी घागरीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ उचलून पाण्याला जायची.

पाण्याचं सांगायला हवं. गावातल्या बारवेचं पाणी मचूळ होतं, त्यात डाळ शिजायची नाही. प्यायचं पाणी नदीवरून आणायचं. काठाच्या वाळूत झिरा उकरायचा, वाटी वाटी पाणी घागरीत भरायचं, आणि डोक्यावर घागर, तिच्यावर कळशी अशी उतरंड घेऊन चढ चढायचा. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून हे पाणी वाहत होत्या. माझ्या अंगावरची हळद उतरायच्या आत त्यांनी ती चुंबळ माझ्या हातात दिली, आणि त्यानंतर त्या नदीवर गेल्या त्या फक्त धुणं घेऊन.

दिवाळीपर्यंत सासूबाईंची मान मोकळी झाली. अंगणात बसल्या बसल्या मान वळवून त्या गोठ्याकडे बघायला लागल्या, तेव्हा सगळ्या गल्लीने ते कौतुक पाहिलं. सुनेच्या पायाचा गुण! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, पण नाव कावळ्याचं होतं. मग गावोगावची माणसं यायला लागली. कुणाची मान धरलेली, कुणाची पाठ. रेल्वेच्या रुळावर काम करणारे यायचे, चांगले जमीनजुमलेवाले यायचे. या कामाचं काही घ्यायचं नसतं, घेतलं की गुण जातो, असा दंडक होता. त्यामुळे मला नारळाची वाटीसुद्धा कधी मिळाली नाही. काम मात्र एक वाढलं.

आणि माझी मान गेली.

आधी नुसती अवघडायची. पुढे उजव्या खांद्यात ठणका बसला. मागून कुणी हाक मारली की सगळं अंग वळवावं लागे. वेणी घालायला हात वर जाईना. आभाळ बघायचं तर बाजेवर उताणं पडून बघायचं, आणि दिवसा बाजेवर पडायची सुनेला कुठली मुभा? पायाळूला स्वतःचा पाय स्वतःच्या मानेला लावता येत नाही. आमच्या मालकांनी, त्यांच्या मनाने चांगलंच करायला म्हणून, मला पालमकडच्या एका पायाळू म्हाताऱ्याकडे नेलं. त्याने टाचेने असा काही दणका दिला की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा नदीवर.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. माहेरच्या परसात आड होता, आणि पोटुशी लेक म्हणून माय मला तांब्याही उचलू देत नव्हती. महिना-दीड महिना गेला असेल. एका सकाळी माय मागून काही म्हणाली आणि मी मान वळवून "काय गं?" म्हटलं. म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं, मान वळली! ना पाय, ना बिब्बा, ना लाल औषध. मी रडायलाच लागले.

"माहेरची हवा लागली," माय म्हणाली.

"हवा न्हाई माय, घागर उतरली म्हणून. सासूबाईचीबी तशीच उतरली होती, मी गेले तवा."

मायचा चेहरा उतरला. "गप बस," ती म्हणाली. "घागर काय एकट्या तुलाच हाय का?"

मला तिचा तेव्हा फार राग आला. अजूनही येतो. पोरीचं दुखणं तिला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच तिने मला गप केलं.

लेकरू घेऊन सासरी परतले, आणि ठणकाही परतला. मी मालकांना सरळ सांगितलं. ते हसले. "पाणी भरून कुणाची मान मोडलीय का? आई इतकी वर्षं भरायलीच होती की."

"त्यांची मोडली म्हणून तर मला आणली," मी म्हटलं.

ते रुमाल झटकून बाहेर निघून गेले.

मधे वर्षं गेली. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली. पारावर त्याच्या फार गप्पा चालायच्या. नदीच्या चढाला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

मग एका साली श्रावणात आमच्या धुरेच्या बैलाचा खांदा आला. जुवाने मान सुजून लाल झाली. सासऱ्यांनी त्याच घटकेला जू उतरवलं आणि बैल गोठ्यात बांधला. कोळपणी अडली तरी त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. कुणी औषधपाला सांगायला आलं की म्हणायचे, "मानंवर जू ठिवून औषध काय करायलंय? आधी जू उतरवा, खांदा आपोआप बसतोय." स्वतः त्याच्याजवळ बसून शेकायचे. शेकायचं पाणी मी तापवून द्यायची. ते पाणीही माझ्याच डोक्यावरून आलेलं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदमळणी असते. वर्षभर जू ओढलं म्हणून बैलाचा खांदा लोणी-हळदीने मळायचा आणि त्याला जेवणाचं आवतन द्यायचं. मी लोणी-हळदीची वाटी धरून उभी होते. सासरे पळसाच्या पानाने खांदा मळत होते. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," असं बैलाला म्हणताना त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. वाटी धरून धरून माझा खांदा ठणकत होता. मला त्या बैलाचा हेवा वाटला. बाईला बैलाचा हेवा वाटावा, याच्यापुढे आणखी काय सांगू?

तोवर मी सासऱ्यांशी कधी समोरासमोर बोलले नव्हते. त्या सांजेला बोलले.

"मामा, माझाबी खांदा आलाय."

मळणारा हात थांबला. सासूबाई म्हणाल्या, "काय बोलायलीस?"

"बैलाचं जू उतरवलंत. माझ्या मानंवरची घागर कोण उतरवणार? शेतातल्या विहिरीचं पाणी गोड हाय. गाडी रोज सांजच्याला रिकामी घरी येती. एक टिपाड भरून आणलं तर काय होईल?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत होती ती. पण त्या घरात पाणी हे बाईच्या डोक्यावरूनच यायचं असतं. गाडीचा आणि पाण्याचा संबंध कुणाच्या मनातच आला नव्हता. सासऱ्यांनी पळसाचं पान खाली ठेवलं. मग बैलाकडे बघून म्हणाले, "वजन होईल त्याला."

मला हसू आलं का रडू, ते आता आठवत नाही. सासूबाईंनी मात्र वाटीतलं उरलंसुरलं लोणी बोटाने निपटलं आणि माझ्या मानेला फासलं. "घे. झाली तुझीबी खांदमळणी. आता गप बस." आमचे मालक हसले. शेजारच्या बाया भिंतीवरून बघत होत्या, त्याही हसल्या.

दसऱ्याच्या सुमारास चिखल वाळून वाट मोकळी झाली, बैलही बरा झाला. एका सांजेला गाडीत लोखंडी टिपाड आलं, गोड्या पाण्याने भरलेलं. सासऱ्यांनीच ते भरून आणलं होतं. पारावर कुणी टोकलं, "काय, सुनेचं पाणी भरायलाव का?" तेव्हा ते म्हणाले, "छ्या! बैलाला मचूळ पाणी मानवंना." पाणी कुणाच्याही नावाने येवो.

संक्रांतीला सुगडं द्यायला निघाले तेव्हा उंबऱ्यात उभी राहून मी मान वर केली आणि आभाळ बघितलं. उभ्याने. पोटभर बघितलं.

सासूबाईंनी गावभर सांगितलं, "खांदमळणीचं लोणी लागलं तिला." मी जिला तिला सांगायची की लोणी नव्हे, घागर सुटली. बाया हसायच्या. म्हणायच्या, तुमच्या घरची पाणी भरायची बला बैलावर गेली, आमच्या घरी कुठं जाणार?

पुढच्या खांदमळणीला बाया नदीवरून येता येता आमच्या दारात थांबल्या. घागरी उतरवून ओळीने उंबऱ्यावर बसल्या. सासूबाई वाटी घेऊन एकेकीच्या मानेला बैलाचं उरलेलं लोणी चोळत होत्या. शेवटी बसलेली पोर त्याच साली सून होऊन आलेली होती. तिने हळूच मला विचारलं, "गुण कवा येतोय, वैनी?"

"घागर खाली राहिली की," मी म्हटलं.

"आणि पाणी कुणी आणायचं?" ती म्हणाली. मग उठून तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि खाली बसली. "जरा हात लावता का?"

मी हात लावला. लोण्याने ओल्या असलेल्या तिच्या मानेवर मीच घागर चढवून दिली.