थांबतात्यांची घाई

मुंबईच्या शेअरबाजारात तीस वर्षं दलालाकडे कारकुनी करून आमचे शेजारी तात्या मालवणजवळच्या आमच्या गावी परतले. पुढच्या बारा वर्षांत त्यांनी शेअर घेतले चारदा, विकायला काढले एकदाच. कुणीही सल्ला विचारला की उत्तर ठरलेलं, "थांब मगे!" म्हणून अख्खा गाव त्यांना थांबतात्या म्हणे.

दोन दिवस शिळं वर्तमानपत्र आलं की भावांचं पान फाडून ते त्यात सुके बांगडे बांधत. कंपनीचा वार्षिक अहवाल मात्र आंघोळ करून, पोथीसारखा वाचायचे. "भाव रोज बदलता गो. कंपनी रोज बदलता काय?"

माझे वडील गेले ते पंपांच्या एका कंपनीचे शेअर तेवढे मागे ठेवून. ते तात्यांनीच घ्यायला लावलेले. तात्यांचेही त्यातच होते. मी शाळेत बिनट्रेनिंगची बाई. धाकटा भाऊ मॅट्रिक झाला की शेअर विकून ट्रेनिंग कॉलेजात जायचं, एवढीच माझी आशा. चीनच्या युद्धात भाव कोसळले आणि माझं धाबं दणाणलं. धामापूरच्या भगवतीला कौल लावला. उजवा कौल, म्हणजे हो! तडक तात्यांकडे गेले. "देवी म्हणते, भाव अजून पडणार. विका."

"देवीक माझो नमस्कार. पण तू इचारलंस काय? भाव पडतलो काय, ह्यां. कंपनी बरी आसा काय, ह्यां खंय इचारलंस?"

मी तेव्हा रागाने काय काय बोलले, त्याची आजही लाज वाटते. पण विकले नाहीत. भाव सावरले, मग चढतच गेले.

दोन वर्षांनी भर दुपारी तात्या धापा टाकत दारात. "आता ईक. आजच."

"अहो, भाव चढतायत! थांबा मगे!" मी चिडवलं.

ते हसले नाहीत. "अहवाल वाचलंय. धंदो सोडून मालक जमिनी घेत सुटलो. ज्येच्यासाठी घेतलंव, ताच आता रवला नाय."

शेअर विकायच्या फॉर्मवर माझी सही घेतली आणि स्वतः उन्हात पोस्टात गेले. पैसे आले, मी ट्रेनिंगला गेले. वर्षभरात कंपनी बुडाली. "तुमच्या शेअरचं काय झालं?" विचारलं, तर म्हणाले, "माझोय फॉर्म धाडलंलंय."

तात्या वारल्यावर त्यांची ट्रंक मीच आवरली. त्यांचा फॉर्म निघाला, दोनदा परत आलेला. वर कंपनीची चिठ्ठी: सही जुळत नाही. अहो, बशीतला चहा सांडेपर्यंत त्यांचा हात थरथरायचा आणि मला कधी सुचलं नाही! मी तिथेच रडत बसले. खाली तोच अहवाल होता. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तात्यांनी स्वतःचीच सही गिरवली होती, पानभर. एकही दुसरीसारखी आली नव्हती.